अनुभव धागा: कच्चा पाला किती दिवस टिकवता?

शनिवारी बाजारातून मेथीच्या तीन जुड्या आणल्या. मंगळवारी पचडीला घ्यायला गेले तर पिशवीत काळा चिखल. चूक माझीच, काम उरकावं म्हणून धुऊन ठेवलेल्या. भाकरीबरोबर कच्चा पाला खाणारी आपण माणसं, कुणाकडे तरी उपाय असेलच. लिहा की.

वडगाव, बेळगाव
धुवायची नाहीच. आधी जुडीची दोरी सोडायची, कूज तिथूनच लागते. पिवळी पानं काढून जुन्या सुती साडीच्या फडक्यात गुंडाळते, फ्रीजच्या खालच्या खणात. फडकं ओलं लागलं की बदलायचं. कोथिंबीर आठवडाभर निघते.

खानापूर
न धुता ठेवा म्हणणं सोपं आहे हो! जुलैत आमच्याकडं पाला बाजारातच भिजून येतो. मी कापडावर पसरून पंख्याखाली सुकवतो. चिखल असेल तर मोठ्या पातेल्यात बुडवायचा आणि हातानं वर उचलून घ्यायचा. पातेलं चाळणीत उपडं केलं की तळाची माती परत पानावर बसते. दोनदा, तीनदा, तळ स्वच्छ दिसेपर्यंत.

निपाणी
पाल्याशेजारी पिकली केळी, टोमॅटो ठेवू नका. त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो, पानं पिवळी पडतात. पालकाच्या दोन जुड्या घालवल्यावर कळलं. तोवर घरात बोल फ्रीजला बसत होते.

चिकोडी
शेजारच्या अक्का हक्करकी (आमच्याकडं कच्ची खातात ती पालेभाजी) आणि मेथी, दोन्ही भाकरी तव्यावर पडल्यावरच धुतात. मलूल पानांचे देठ टोकाला कापून बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवतात. पानं पाणी ओढून ताठ होतात. काळी पडलेली मात्र गेलीच.

बेळगावचा, सध्या गोव्यात
इथं भाजी आपल्याकडूनच येते, घाट उतरून. हॉटेलच्या किचनमध्ये लेट्यूस हाताळतो. त्याला शून्य अंशाच्या जवळची थंडी मानवते, पण फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलं की गोठून पान काचेसारखं होतं. धुतल्यावर कोरडं करायला घरी स्वच्छ उशीचा अभ्रा वापरतो: पानं आत, तोंड घट्ट धरून गरागरा. गॅलरीत फिरवा, भिंती भिजतात.

पुन्हा मीच
मेथी आज पाचव्या दिवशी हिरवीगार! पचडी केली, कांदा, मुळा, शेंगांचं कूट. मीठ-लिंबू ताटात वाढतानाच घातलं, आधी घातलं की पाणी सुटतं. अभ्रा फिरवताना सासूबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त अभ्रा कुणाचा ते विचारलं.