९१ किलोमीटरचा नवा कोलायडर व्हावा का?

मूळ लेखन
जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने सध्याच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रानंतर सुमारे ९१ किलोमीटर परिघाचे यंत्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला असून पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक धरला आहे. माझ्या मते हे यंत्र व्हायलाच हवे. इतर मूलकणांच्या वस्तुमानाशी निगडित असलेला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचे ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाले, पण त्याची ओळख अजून अर्धवट आहे. सध्याच्या यंत्रात मुख्यतः प्रोटॉन आदळवले जातात, आणि प्रोटॉन म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑन या त्याहून सूक्ष्म कणांचा पुंजका. त्यामुळे दोन प्रोटॉन आदळले की आतले कोणते घटक किती ऊर्जेने भिडले, हे नेमके कळत नाही. नव्या यंत्रात आधी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन आदळतील. त्यांच्या टकरीची ऊर्जा आधीच ठाऊक असल्याने, हिग्जसोबत निघालेला झेड बोसॉन हा दुसरा कण मोजला की हिग्ज कशात विघटित झाला हे न पाहताही त्याचे वस्तुमान हिशेबाने काढता येते.

प्रतिसाद १
मोजमाप सुधारेल, हे मान्य. परंतु सध्याच्या यंत्राच्या वेळी हिग्ज किंवा त्याच्या जागी दुसरे काही तरी दिसणारच, असे सिद्धान्त सांगत होता. या वेळी तशी हमी कोणीही देऊ शकत नाही. अतिसममिती या कल्पनेने सुचवलेल्या, ज्ञात कणांच्या जोडीदार कणांची वाट पाहून झाली, ते आले नाहीत. उलट न्यूट्रिनो या पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या कणांना वस्तुमान असते हे १९९८ साली जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनोंवरून दाखवले. असे न्यूट्रिनो आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ सालीच टिपले गेले होते. एकाच बोगद्यात इतका पैसा जिरवला, तर असे प्रयोग उपाशी राहतील.

मूळ लेखकाचे उत्तर
कोलारचा मलाही अभिमान आहे. पण न्यूट्रिनो आकाशातून येतात, हिग्ज मात्र टकरीतूनच घडवून अभ्यासावा लागतो. शिवाय पैसा केवळ बोगद्यात जिरत नाही. सध्याच्या यंत्रातले १५ मीटर लांबीचे, सुमारे ३५ टनांचे कणांची वाट वळवणारे द्विध्रुव चुंबक ज्या जॅकवर अगदी बारकाईने जागेवर बसवले आहेत, ते हजारो जॅक भारतात तयार झाले.

प्रतिसाद २
जॅक बनवता आले म्हणून बोगदा खणावा, हे मला पटत नाही. टेक्सासमध्ये ८७ किलोमीटरचा कोलायडर सुमारे २ अब्ज डॉलर खर्चून १९९३ साली अर्ध्यावर सोडावा लागला, कारण खर्च फुगत गेला आणि अमेरिकी काँग्रेसने निधी थांबवला. पहिल्या टप्प्याचा संपूर्ण निधी सदस्य देशांकडून लेखी मिळाल्याशिवाय खोदकामास हात घालू नये, एवढी अट मान्य असेल तर माझा विरोध मी मागे घेतो.