मदत हवी आहे: शेवटची डाइव्ह आणि परतीचे विमान यांत किती तासांचे अंतर हवे?

निळी_वाट:
नमस्कार. मी सध्या एका लहान बेटावर स्कूबा डायव्हिंगसाठी आले आहे. उद्या दुपारची डाइव्ह तीनच्या सुमारास संपेल आणि परवा सकाळी सातला विमान आहे. येथील प्रशिक्षकांच्या मते १२ तास पुरेसे आहेत. माझ्या पुस्तिकेत मात्र १८ तास छापले आहेत. विमान लहान, पंख्यांचे असून ते फार उंचावरून जात नाही. कोणाचे ऐकावे? रात्री आठपर्यंत नाव द्यायचे असल्याने कृपया नेमके उत्तर द्यावे. ‘डॉक्टरांना विचारा’ हे मला ठाऊक आहे.

प्रवाळ:
पाण्याखाली शरीरात शोषलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो; त्याआधी विमानात दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊन इजा होऊ शकते, म्हणून हे अंतर ठेवायचे. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या परिस्थितींसाठी आहेत. किमान १२ तास हे एकाच डाइव्हनंतर आणि तीही वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे न लागणारी असेल तर. दिवसातून अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील, तर किमान १८ तास. आपण आतापर्यंत किती डाइव्ह केल्या आणि या लहान विमानानंतर पुढे मोठे विमान आहे का, हे लिहिलेले नाही.

खारा_वारा:
एवढा हिशेब कशाला? उद्याच्या डाइव्हसाठी साध्या हवेऐवजी नायट्रॉक्स घ्या. त्यात ऑक्सिजन अधिक आणि नायट्रोजन कमी असल्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. मी कित्येक वर्षे दुसरे काही वापरलेले नाही.

शंकेखोर:
प्रश्न उरतो. नायट्रॉक्समुळे नायट्रोजन कमी शोषला जातो हे मान्य. पण त्यामुळे विमानापूर्वीची मुदत अमुक इतकी कमी करावी, असा नियम नाही. शिवाय त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. जिला आज रात्री आठपर्यंत निर्णय घ्यायचा आहे, तिला हा सल्ला काय कामाचा?

निळी_वाट:
तीन दिवस रोज दोन डाइव्ह झाल्या, खोली जास्तीत जास्त १८ मीटर. लहान विमानानंतर दोन तासांनी मोठे विमान आहे. आजची दुसरी डाइव्ह मी सुरुवातीलाच सोडली, पण तो माझा प्रश्न नाही.

प्रवाळ:
म्हणजे आपल्याला १८ तासांचाच नियम लागू होतो. तीन ते सात हे १६ तास झाले. लहान विमानाच्या केबिनमध्ये दाब राखलेला नसेल, तर ते जितक्या उंचीवर जाईल तितक्या उंचीवर आपण प्रत्यक्ष असाल. पुढच्या मोठ्या विमानात केबिनचा दाब साधारण २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका खाली येऊ शकतो. सकाळची डाइव्ह दहाला संपत असेल, तर २१ तास मिळतील. मात्र आजची डाइव्ह का सोडली, हे कृपया सांगावे.

शिंपला:
बहुधा मास्कवर धुके जमले असावे. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर राहिलेला असतो. टूथपेस्ट लावून बोटाने दोन-तीनदा नीट घासावे आणि धुऊन टाकावे. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मी हेच केले नव्हते, आणि समोरून गेलेले कासव मला फक्त एक हिरवट डाग म्हणून दिसले.

निळी_वाट:
मास्क उत्तम आहे. उजवा कान मोकळा होत नव्हता. दोर धरून तीन मीटरवर थांबले आणि नाक चिमटीत धरून फुंकले, तेव्हा डाव्या कानात बारीकशी शीळ वाजून तो सुटला. उजव्यात मात्र कोणी बूच मारल्यासारखे वाटत होते. वर आल्यावर मास्कमध्ये थोडे रक्त दिसले. दोन दिवस सर्दी असल्याने सकाळी गोळी घेतली होती. उद्या डाइव्हच्या आधी पुन्हा घेईन.

कानोसा:
ही माहिती पहिल्याच ओळीत यायला हवी होती. मी डॉक्टर नाही, पण हीच चूक केलेली आहे. गोळीच्या जोरावर मी खाली गेलो आणि तळाशी तिचा असर ओसरला. परत येताना सहा मीटरवर कानात अडकलेली हवा फुगू लागली आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. खाली जाताना दुखले तर वर येता येते. वर येताना दुखले तर टाकीतली हवा संपेपर्यंतच थांबता येते. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, पुढे त्याच दहा मीटरांत वाढीचे प्रमाण कमी असते. म्हणून कान सुरुवातीच्या काही मीटरांतच छळतो. जोर लावून फुंकू नका, त्याने आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते.

आता तासांचा हिशेब बाजूला ठेवून विमानाचा विचार करा. मोठे विमान उतरताना केबिनचा दाब सुमारे पाऊण वातावरणावरून पूर्ण वातावरणावर येतो. हा फरक जवळजवळ अडीच मीटर पाण्याइतका आहे आणि आपला कान तीन मीटरवर अडला होता. डाइव्ह रद्द केली, तरी कान कोणाला तरी दाखवूनच विमानात बसा.

खारा_वारा:
मग उद्या निदान स्नॉर्केलिंग करावे. त्यात पाण्यावरच तरंगायचे असते, कानावर दाब येत नाही.

शंकेखोर:
काही सुंदर दिसले की माणूस डुबकी मारतोच. शिवाय रक्त नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांतून आले असेल, तसेच कानाचा पडदा फाटलेलाही असू शकतो. तो फाटला असेल तर कानात पाणी जाणे अजिबात चालत नाही आणि गार पाण्याने एकाएकी भोवळ येऊ शकते. तपासणीपर्यंत पाण्यात उतरू नये.

निळी_वाट:
दोन्ही डाइव्हमधून नाव काढले आहे. दवाखाना सकाळी नऊला उघडतो, तेथे कान दाखवून मगच परतीच्या विमानाचे ठरवीन. विमानाबद्दल मी तासांपलीकडे विचारच केला नव्हता. कानोसा आणि प्रवाळ, आभारी आहे. प्रशिक्षकांनाही १२ आणि १८ मधला फरक दाखवला; ‘बहुतेकांना काही होत नाही’ असे उत्तर मिळाले.

खारा_वारा:
पुढच्या वेळी मात्र नायट्रॉक्सचे प्रशिक्षण घेऊनच जा.

शंकेखोर:
नायट्रॉक्सने कान मोकळा होत नाही.