आंबोलीसाठी जाळीवाला हॅमॉक: नेमका कोणता घ्यावा?

ठाण्याची_बाई

नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं आंबोलीजवळ नवऱ्याच्या मित्राच्या वाडीत चार रात्री राहणार आहोत. घर आहे, पण त्याच दिवसांत त्यांच्याकडे पाहुणे आहेत. आणि खरं सांगायचं तर मला बाहेरच झोपायचंय. रात्री बेडूक बघायला भटकायचं आणि आल्यावर तिथेच आडवं व्हायचं. तंबू आहे आमच्याकडे, पण वाडी उतारावर आहे, सपाट जागा मिळणार नाही असं मित्र म्हणतो. जळवांचं नाव काढलं की नवरा पाय वर घेऊन बसतो. म्हणून हॅमॉक, म्हणजे दोन झाडांत टांगायची कापडी झोळी.

ऑनलाइन बघून डोकं भंजाळलं. एकाला जाळी वरून शिवलेली आणि बाजूला चेन. दुसऱ्यात झोळी वेगळी आणि तिच्यावर पिशवीसारखी चढवायची जाळी वेगळी. तिसरा खालून शिरायचा, तो महाग. सगळ्यांवर 'डासांपासून संपूर्ण संरक्षण' लिहिलंय आणि खाली लोक तक्रार करतायत की पाठ फोडून काढली. जाळी वर असताना पाठीला कसे चावतील? सासूबाईंचा सल्ला असा की घरची मच्छरदाणी न्या आणि वरून सोडा.

माझी उंची पाच सहा, नवऱ्याची पाच दहा, वजन ८६ (त्याला विचाराल तर ८२). दोघांचं मिळून बजेट आठ हजार. डास मला शोधून चावतात, त्याला नाही, हा अन्याय वेगळाच.

गडवाट_नाशिक

तंबू न्या. हॅमॉक फोटोपुरता बरा. दुसऱ्या दिवशी कंबर बोलते.

तिळारीकाठचा

ताई, गडवाटदादांचं मनावर घेऊ नका. कंबर बोलते ती आखूड झोळीत केळ्यासारखं वाकून झोपल्यामुळे. ते पुढे सांगतो.

मी दोडामार्ग तालुक्यातला. पावसाळ्यात बेडूक-साप बघायला येणाऱ्यांना रात्री फिरवतो आणि त्यातल्या बऱ्याच रात्री झोळीतच काढतो. लोक हॅमॉक निवडताना वर बघतात: जाळी कशी, चेन कशी, टोपी कशी. तुम्ही खाली बघा. झोळीत पडलात की तुमच्या अंगाच्या भारानं कापड ताणून पाठीला चिकटतं. ते पॅराशूटचं म्हणून विकतात ते नायलॉन कागदासारखं पातळ असतं. डासाला जाळीतून आत यायची गरजच नाही, तो खालून कापडातूनच सोंड घालतो. पाठ, कुल्ले, पोटऱ्या. सकाळी उठल्यावर माणसाला वाटतं जाळी फाटली होती. जाळी धडधाकट असते.

यावर दोनच उपाय चालतात. एक, झोळी दुपदरी घ्यायची आणि दोन पदरांच्या मधे फोमची मॅट सरकवायची. गिर्यारोहणाच्या दुकानात गुंडाळी मिळते ती, आठ-दहा मिलिमीटर जाडीची. एकपदरी झोळीत मॅट नुसती टाकली तर मध्यरात्री ती कुठेतरी पायाशी गेलेली असते. मॅटचा दुसरा फायदा म्हणजे थंडी. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे, जूनमध्ये पाऊस लागला की पहाटे पाठीखालून वारा फिरतो आणि ठाण्याच्या माणसाचे दात वाजतात. जमिनीवर झोपल्यावर हे जाणवत नाही, झोळीत जाणवतं.

दुसरा उपाय म्हणजे तुम्ही सांगितलेली पिशवीवाली जाळी, जी झोळीला वरून-खालून सगळीकडून वेढते. तिच्यात अट एकच, खालची जाळी झोळीपासून वीतभर तरी लोंबती राहिली पाहिजे. साहेब ८६ किलोचे आहेत, ते आत बसले की झोळी खाली येणार आणि जाळीला टेकणार. मग परत तेच. विकत घेताना जाळीचा घेर विचारा. विक्रेत्याला माहीत नसेल तर घरी बांधून, माणूस आत घालून बघा, आणि नसेल जमत तर परत पाठवा.

सासूबाईंच्या मच्छरदाणीला नमस्कार, पण ती खालून उघडी. पलंगावर ती गादीखाली खोचता येते, झोळीत कुठे खोचणार?

खालून शिरायच्या झोळीबद्दल माझं मत चांगलं नाही. पाय जमिनीवर टेकवून वर घेताना पायाभोवतीचे डास आपल्याबरोबर आत येतात, आणि आंबोलीत पायाभोवती जळूही असते. बाजूची चेन बरी, पण तिला दोन सरकपट्ट्या हव्यात, आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडणाऱ्या. रात्री टॉर्च तोंडात धरून चेन शोधायची वेळ येऊ नये.

आता कंबर. स्वस्तातल्या झोळ्या २६०-२७० सेंटिमीटर लांब असतात. त्यात साहेबांचं केळं होणारच. त्यांना ३३० च्या आसपास हवी, तुम्हाला ३०० चालून जाईल. आणि सरळ झोपायचं नाही, तिरकं झोपायचं. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या. तेव्हाच पाठ सपाट होते. झोळीच्या दोन टोकांमधे वरून एक पक्की दोरी बांधतात, तिची लांबी झोळीच्या ८३ टक्के ठेवली की झोल दर वेळी सारखाच येतो. ३३० ची झोळी असेल तर दोरी २७५ च्या आत-बाहेर. जाळी त्याच दोरीवर टांगली की तोंडाला चिकटत नाही. ही दोरी नसलेला जाळीवाला हॅमॉक घेऊ नका, गाल जाळीला टेकला की गालाला चावतात.

गोचिडांचं सांगतो, कारण आमच्या तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण निघाले आणि तेव्हापासून आम्ही सावध असतो. हा आजार गोचिडातून येतो. जोर डिसेंबर ते मे, पाऊस बसला की कमी होतो, म्हणजे तुमच्या वेळी फार भीती नाही. तरी वाळक्या पाल्यात बसू नका, कपडे पाल्यावर टाकू नका. झोळीचा खरा फायदा मला हाच वाटतो की माणूस पाल्यावरून उठतो. पण गोचीड दिवसा अंगावर चढलेला असेल तर तो तुमच्याबरोबर जाळीत झोपतो. आत जायच्या आधी घोट्यापासून काखेपर्यंत बघून घ्या. बूट खाली ठेवू नका, झोळी झाडाला बांधायच्या पट्ट्याला उलटे टांगा. मोजे वेगळ्या पिशवीत.

इचलकरंजीचा_सूतवाला

तिळारीवाल्यांनी कापडाचं बरोबर सांगितलं. मी जाळीवर बोलतो, कारण जाळी सगळे डोळे झाकून घेतात. फूटपट्टी लावा आणि एका इंचात किती भोकं बसतात ते मोजा. उभी तेरा, आडवी बारा आली तर चौरस इंचाला १५६. ही घरच्या मच्छरदाणीची जाळी, डासाला पुरते. पण पाणवठ्याजवळ संध्याकाळी जी टाचणीच्या टोकाएवढी चिलटं चावतात ना, ती यातनं सरळ आत येतात. त्यांच्यासाठी इंचाला निदान पंचवीस भोकं पाहिजेत. आता गंमत अशी की जाळी जितकी बारीक तितका वारा कमी. मे महिन्यात तळकोकणात तशी जाळी घेऊन झोपलात तर घामानं निथळाल. आंबोलीत जूनमध्ये चालेल, तिथे गारवा असतो.

आणि आठ हजारांत दोन चांगले जाळीवाले हॅमॉक बसवणं कठीण आहे ओ. त्यापेक्षा साध्या लांब दुपदरी झोळ्या दोन घ्या आणि जाळी शिवून घ्या. बाजारात जाळीचं कापड मीटरवर मिळतं. नळीसारखी शिवायची, दोन्ही तोंडांना नाडी, एका बाजूला लांब चेन. छत्र्या-बॅगा शिवणारा माणूस बघा, ब्लाउजवाल्याकडे नेऊ नका. जाळी मशीनच्या पायाखाली ओढली जाते, म्हणून शिवणीला कापडाची पट्टी लावायला सांगा. पांढरी घेऊ नका. काळ्या जाळीतनं बाहेरचं नीट दिसतं, पांढरीतनं टॉर्च मारला की नुसता उजेड परत येतो.

अटलांटाची_वहिनी

इकडे लोक झोळीच्या खालच्या बाजूला आणि कपड्यांना ०.५ टक्के परमेथ्रिनचा फवारा मारतात आणि पूर्ण वाळू देतात. कातडीवर लावायचं नाही, फक्त कापडावर. गोचिडांवर चांगलं चालतं, काही आठवडे टिकतं. घरात मांजर असेल तर ओलं असताना अजिबात जवळ येऊ देऊ नका, मांजरांना ते विषारी आहे. माशांनाही, म्हणून ओढ्यात धुवायचं नाही.

तिळारीकाठचा

वहिनींचं बरोबर, पण ताई बेडूक बघायला चालल्यात. ओढ्या-डबक्याजवळ ते औषध नकोच. हाताला काही चोपडलेलं असेल तर बेडकाला हात लावू नका, त्यांची कातडी सगळं शोषते. तसाही हात लावायचा नसतोच.

ठाण्याची_बाई

बाप रे, किती कामाचं निघालं! ठरलं: नवऱ्याला ३३०, मला ३००, दोन्ही दुपदरी, मधे मॅट. जाळी शिवून घेते, आमच्या स्टेशनबाहेर बॅगा दुरुस्त करणारे काका आहेत त्यांना विचारते. मांजर आहे घरात, म्हणून फवारा बाद. आता झाडांचं सांगा. मित्राच्या वाडीत काजू, फणस, थोडे माड आणि पोफळी आहेत. आणि पाऊस आला तर वरून ताडपत्री पुरेल ना?

गडवाट_नाशिक

तंबूची ताडपत्री कामी येईल. म्हणजे तंबू नेलाच शेवटी.

तिळारीकाठचा

हा हा. ताडपत्री झोळीच्या दोन्ही टोकांपेक्षा हातभर जास्त लांब हवी, नाहीतर वाऱ्याबरोबर पाऊस डोक्याकडून येतो. आणि पाणी झाडावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून झोळीत असं चालत येतं. ताडपत्रीच्या आतल्या भागात, झोळीच्या गाठीच्या अलीकडे, पट्ट्याला एक सुतळीचा तुकडा लोंबता बांधा. पाणी तिथेच टपकतं.

माडाखाली झोपायचं नाही, कारण सांगायला नको. पोफळ बारीक, ती वाकते. काजूचा बुंधा जाड आणि जिवंत असेल तर चालेल, फांदीला मात्र बांधू नका, काजूची फांदी कडाककन मोडते. फणस सगळ्यात उत्तम, पण आधी वर बघा: पानं चिकटवून केलेली घरटी दिसली तर ते हुमले, लाल मुंग्या. पट्ट्यावरून रांगेत येतात आणि त्यांना जाळीची नाडी अडवत नाही. वाळकी फांदी लटकलेली असेल तर तेही झाड सोडा. जूनच्या सुरुवातीला गडगडाटी वळीव येतो, वीज कडाडायला लागली की झोळी सोडून सरळ घरात जायचं. पाहुणे असले तरी.

दोन झाडांत चार ते साडेचार मीटर अंतर असावं. पट्टा दोन इंच रुंद घ्या, नायलॉनची दोरी साल कापते आणि फणसाचा चीक निघाला की तुमच्या कपड्यांची वाट. पट्टा आडवा ताणू नका. ३० अंशांचा उतार ठेवलात तर साहेबांचे ८६ किलो प्रत्येक पट्ट्यावर ८६ च पडतात, १० अंशांवर ताणलंत तर तेच जवळपास २५० होतात. झोळीत बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीवर असलं की बरोबर.

वाडी खासगी आहे म्हणून हे सगळं चालतंय. बाजूच्या राखीव जंगलात हौस म्हणून झोळी टांगू नका, तिथे वनखात्याची परवानगी लागते. आणि साहेबांना सांगा, तंबाखूची पुरचुंडी आणि मीठ खिशात ठेवा. जळवा झोळीत सहसा चढत नाहीत, पण झोळीपर्यंत चालत जावं लागतंच.

ठाण्याची_बाई

त्याला वाचून दाखवलं. मीठ एक किलो घेऊ का अर्धा, असं विचारतोय.