शब्दचर्चा: ‘क्वार्टरली स्टेबल रिलीज’ला मराठीत काय म्हणावं?

विश्रामबाग
सांगली-साताऱ्याकडच्या शाळा आणि वाचनालयांच्या सर्व्हरसाठी फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिम) मराठी हस्तपुस्तिका लिहिणं चालू आहे. वाचणारा संगणकशास्त्राचाच असेल असं नाही. बऱ्याचदा तो ग्रंथपाल किंवा प्रयोगशाळा सहायक असतो. ‘पॅकेजेस त्रैमासिक स्थिर प्रकाशनातूनच घ्यावीत’ असं वाक्य लिहिलं (पॅकेज म्हणजे बसवायला तयार बांधलेला प्रोग्रॅम) आणि अडलं. ‘त्रैमासिक’ वाचलं की नियतकालिक डोळ्यांपुढे येतं. ‘प्रकाशन’ म्हटलं की पाहुण्यांच्या हस्ते व्हायचा समारंभ. ‘स्थिर’ तेवढा बरा वाटतोय. सुचवा.

चारभिंती
उलट आहे साहेब. पहिले दोन शब्द नुसते अवघडलेले आहेत; वाचणाऱ्याला फसवणारा शब्द ‘स्थिर’ आहे. तो त्याचा अर्थ ‘बंद न पडणारं’ असा घेणार. जाणकारांच्या वापरात अर्थ आहे ‘मुदतीत हलवलं जाणार नाही असं’. एखादा प्रोग्रॅम एका ठरावीक फाइलवर हमखास कोलमडत असेल, तर स्टेबलमध्ये तो पुढेही त्याच फाइलवर कोलमडत राहू शकतो. दोष गंभीर किंवा सुरक्षेचा नसेल तर नियमांना ते चालतं.

त्यातही प्रणालींच्या प्रत्येक घराण्याचा स्टेबल वेगळा. डेबियन या लिनक्समध्ये स्टेबल म्हणजे तयार होऊन बाहेर पडलेली आवृत्ती: बुकवर्म १० जून २०२३ ला आली, ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला. साधारण दोन वर्षांचा फेरा, मधल्या काळात सुरक्षा-दुरुस्त्या आणि निवडक दोषांची डागडुजी. नेटबीएसडी या दुसऱ्या प्रणालीच्या पीकेजीसोर्स या पॅकेज-संग्रहात स्टेबल म्हणजे दर तिमाहीला निघणारी शाखा (मुख्य कामातून वेगळी काढलेली प्रत). आणि तुमच्या फ्रीबीएसडीत स्टेबल म्हणजे मूळ प्रणालीची चालू विकासशाखा! तिच्यात रोज नवं काम येऊन पडतं. वचन एवढंच, की त्या शाखेसाठी आधी बांधलेले प्रोग्रॅम चालत राहतील. शाळेच्या सर्व्हरवर बसवायची असते ती रिलीज. पुस्तिकेत ‘स्थिर घ्या’ असं लिहाल आणि कुणीतरी इमानदारीत स्टेबलची प्रतिमा (इमेज, म्हणजे प्रणाली बसवायची फाइल) उतरवून घेईल.

म्हणून फ्रीबीएसडीच्या पॅकेजांबाबत ‘स्थिर’ हा शब्द पूर्ण गाळा. त्यांची स्वतःची जोडीही क्वार्टरली (तिमाहीला बदलणारी) आणि लेटेस्ट (सतत ताजी होणारी) अशीच आहे, स्टेबल आणि अनस्टेबल अशी नाही.

औंध
‘तिमाही’ घ्या. बँकेचं व्याज, पतसंस्थेचा अहवाल, सगळीकडे तोच शब्द रुळलाय. फक्त एक खड्डा आहे, तो पुस्तिकेत ठळक दाखवा. आपल्या कार्यालयात पहिली तिमाही म्हणजे एप्रिल ते जून. फ्रीबीएसडीची २०२५क्यू१ शाखा निघते जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या हिशेबात चौथ्या तिमाहीत. पीकेजीसोर्सची २०२५क्यू१ निघते ती तिमाही संपताना, मार्चच्या अखेरीस, आणि वापरात राहते एप्रिल ते जून. नाव एकच, पण दोघींत जवळजवळ तीन महिन्यांचं अंतर. दोन सर्व्हरवर दोन प्रणाली असतील आणि कुणी ‘दोन्हीकडे क्यू१ आहे’ म्हणून निश्चिंत झालं, तर एकीकडची पॅकेजं तिमाहीभर जुनी असतात.

टेंभूचा टेल
शब्द आपल्या दारात पडलाय की. आवर्तन! ताकारी, म्हैसाळ, टेंभू, कुठलीही योजना घ्या, ठरल्या वेळी पाणी सोडतात, ठरल्या मुदतीनं बंद करतात, मग पुढचं. ‘तिमाही आवर्तन’ म्हटलं की कडेगाव-खानापूरच्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही. आणि लेटेस्टला ‘बारमाही’ म्हणा: तिथं पाट कधी बंदच नसतो, आलं तसं वाहतं.

दुसरा फायदा असा की आवर्तन सुटलं म्हणजे त्याच मिनिटाला टेलला पाणी पोचत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथंही शाखा १ तारखेच्या आसपास फुटते, पण हजारो पॅकेजं नव्यानं बांधून आरशांवर (मिरर, म्हणजे प्रती ठेवणारे सर्व्हर) पोचायला काही दिवस जातात. शाखा निघाली म्हणून लगेच ‘पीकेजी अपग्रेड’ (पॅकेजं अद्ययावत करायची आज्ञा) मारलं आणि काहीच आलं नाही, तर बिघाड समजायचं कारण नाही.

चारभिंती
बारमाही झकास. मला लगेच मान्य. आवर्तनाबद्दल मात्र शंका: त्याच पानावर ‘आवृत्ती’ येणार. दोन्हींचं मूळ एक, रूप जवळचं, घाईत वाचणारा गल्लत करणार. ‘या आवर्तनात पोस्टग्रेसची आवृत्ती बदलली आहे’ हे वाक्य मोठ्यानं वाचून बघा.

टेंभूचा टेल
वाचलं. मला तरी दोन्ही वेगळे ऐकू आले. पण मी रोज आवर्तनाच्या बातम्या वाचणारा, माझा कान धरू नका.

विश्रामबाग
‘तिमाही संच’ कसा वाटतो? आवर्तन हा शब्द वेळापत्रकासाठी राखता येईल: ‘नवा संच पुढच्या आवर्तनात’.

माहुली
संच चांगला, कारण त्यातून महत्त्वाची गोष्ट कळते: पॅकेजं सुटी नसतात, एकमेकांच्या जोडीनं बांधलेली असतात. सर्वांत जास्त बिघाड नेमका हा संच फोडल्यामुळे होतो. विश्रामबाग, शब्द ठरला की त्याच्या शेजारी ही सूचना हवीच.

नेहमीचा घोटाळा असा. सगळी पॅकेजं तिमाही संचातली असतात. एखाद्या पॅकेजात हवा तो पर्याय चालू नसतो, म्हणून कुणी पोर्ट्सची (पॅकेजं स्वतः बांधायच्या कृतींचा संग्रह) मुख्य शाखा उतरवतं आणि तेवढं एक पॅकेज स्वतः बांधतं. मुख्य शाखेत लायब्ररी (वाचनालय नव्हे, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो सामायिक भाग) पुढे गेलेली असते, त्यामुळे बांधताना तीही नवी बसते. बसवलेल्या बाकीच्या प्रोग्रॅमना जुन्या क्रमांकाची लायब्ररी हवी असते, आणि ‘शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ असा निरोप येऊन ते सुरूच होत नाहीत. उपाय सोपा: पोर्ट्सचं झाड उतरवतानाच गिटला (आवृत्त्या सांभाळणारं साधन) शाखेचं नाव द्यायचं, उदाहरणार्थ २०२५क्यू४. सर्व्हरवरची पॅकेजं ज्या संचातली, झाडही त्याच शाखेचं. तिमाही उलटली की झाडाची शाखाही बदलायची. हे दुसरं पाऊल विसरलं जातं.

पॅकेज कुलूपबंद करून हा प्रश्न सुटत नाही. ‘पीकेजी लॉक’ ते पॅकेज धरून ठेवतं, पण त्यामुळे त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचीही वाट अडते आणि पुढच्या तिमाहीला गाठ जास्तच घट्ट होते.

औंध
तिमाहीवरून बारमाहीवर जायचं असेल तर ईटीसीखालच्या पीकेजी फोल्डरातली मूळ फाइल हलवू नका, प्रणालीच्या अद्ययावतीकरणात ती पुन्हा लिहिली जाऊ शकते. यूएसआर, लोकल, ईटीसी, पीकेजी, रेपोज अशा वाटेवर त्याच नावाची आपली फाइल करा, पत्त्यातला क्वार्टरली काढून लेटेस्ट घाला, मग ‘पीकेजी अपडेट -एफ’ (छोटा एफ) आणि ‘पीकेजी अपग्रेड’. परतीची वाट इतकी सोपी नाही. तिमाहीतले क्रमांक जुने असतात आणि साधं अपग्रेड आपणहून खालच्या क्रमांकावर उतरत नाही. जबरदस्तीचा पर्याय द्यावा लागतो. विदासाठ्याच्या (डेटाबेस) फाइली नव्या आवृत्तीनं एकदा बदलल्या असतील तर जबरदस्तीही कामाची नाही.

विश्रामबाग
‘फ्रीझ’ आणि ‘पुलअप’चं काय करू? पीकेजीसोर्सच्या प्रकरणात दोन्ही येतात.

चारभिंती
फ्रीझला ‘गोठवण’. खातं गोठवतात, दर गोठवतात, मग शाखाही गोठवू द्या. पीकेजीसोर्समध्ये शाखा फुटण्याआधी साधारण दोन आठवडे नवी पॅकेजं आणि मोठे बदल थांबवतात, फक्त दुरुस्त्या चालू. तिथे तिमाही शाखांचा रिवाज २००३क्यू४ पासून आहे, फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये २०१४क्यू१ पासून.

पुलअप म्हणजे मुख्य शाखेतली निवडक दुरुस्ती तिमाही शाखेत आणणं. शब्दशः ‘उचल’ होईल.

टेंभूचा टेल
उचल नको ओ दादा! गळीत हंगामात ‘यंदाची पहिली उचल’ म्हटलं की अख्खा वाळवा तालुका कान टवकारतोय, तिथं तुमची दुरुस्ती कोण वाचणार. ‘वेचणी’ म्हणा. गिटवाले त्यालाच चेरी-पिक म्हणतात, तिथंही चालेल.

माहुली
वेचणी. पण वेचून काय येतं ते घराण्यागणिक बदलतं, आणि यावरून कार्यालयात खरे वाद होतात. डेबियन शक्यतो तीच आवृत्ती ठेवून फक्त दुरुस्तीचा तुकडा त्यात बसवतं. क्रमांकाचा पुढचा भाग तसाच, शेपटी तेवढी वाढते: ‘+डेब१२यू३’ म्हणजे डेबियन १२ मधली तिसरी डागडुजी. तपासणी करणारा पुढचाच क्रमांक बघतो आणि ‘जुनी आवृत्ती, धोकादायक’ असा शेरा मारून जातो, दुरुस्ती आत असतानाही. फ्रीबीएसडीच्या तिमाही शाखेत बऱ्याचदा दुरुस्तीसह आख्खी नवी आवृत्तीच वेचली जाते, तिथे पुढचा क्रमांक बदलतो. पॅकेज नुसतं पुन्हा बांधलं असेल तर फ्रीबीएसडीत खालच्या रेघेनंतरचा आकडा वाढतो, पीकेजीसोर्समध्ये ‘एनबी’ नंतरचा.

म्हणून ‘व्हर्जन’ला आवृत्ती, आणि या शेपटीला वेगळा शब्द द्या. मी ‘फेरबांधणी क्रमांक’ म्हणेन. लांब आहे, पण ‘उपआवृत्ती’ म्हणाल तर वाचणाऱ्याला मूळ प्रोग्रॅम बदलला असं वाटेल. डेबियनच्या डागडुजीला मात्र हे नाव लावू नका, तिथे आत खरंच काहीतरी बदललेलं असतं.

दुरुस्ती आली की नाही हे क्रमांकाकडे बघून ठरवू नये. फ्रीबीएसडीवर ‘पीकेजी ऑडिट -एफ’ (इथे मोठा एफ) द्या, ते ताजी यादी आणून बसवलेली पॅकेजं ताडून बघतं.

औंध
मराठीत ‘स्टेबल’ लिहावंच लागलं तर डेबियनच्या प्रकरणात एक ओळ घाला: ही एका आवृत्तीची पाटी नाही, पाटी पुढे सरकते. स्रोतांच्या यादीत बुकवर्मऐवजी नुसतं स्टेबल लिहिलेल्या यंत्रांना ९ ऑगस्ट २०२५ नंतर ट्रिक्सी दिसू लागली. सांकेतिक नाव बदलल्याचं ऍप्ट (डेबियनचं पॅकेजं बसवणारं साधन) सांगतं आणि संमती मागतं, पण न वाचता ‘हो’ दाबणारे असतातच. शाळेत नाव लिहा, पाटी नको.

फ्रीबीएसडीचा क्वार्टरलीही असाच. पत्ता वर्षभर एकच, आतला संच चार वेळा बदलतो. जुन्या शाखेत नव्या वेचण्या थांबतात, म्हणून ‘मी मागच्याच तिमाहीवर राहतो’ हा पर्याय सुरक्षेच्या दृष्टीनं धरायचाच नाही.

विश्रामबाग
म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर यांच्या पहिल्या पंधरवड्यात एकदम लोंढा येणार. एप्रिल वार्षिक परीक्षांचा. क्रम काय सांगावा?

चारभिंती
परीक्षा आणि निकाल आटोपेपर्यंत मोठं अपग्रेड पुढे ढकला, पण ऑडिट आठवड्याला चालू ठेवा. त्यात सर्व्हरच्या बाहेरून पोचता येईल असा दोष दिसला तर मात्र थांबू नका. क्रम असा: आधी पोर्ट्समधली ‘अपडेटिंग’ नावाची फाइल, मागच्या वेळेनंतरच्या नोंदी. मग विदासाठ्याची वेगळी प्रत, पोस्टग्रेस असेल तर पीजीडंपनं. मग ‘बीईसीटीएल क्रिएट’ देऊन सुरुवाती-संचाची (बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे यंत्र ज्यावरून सुरू होतं ती प्रणाली) प्रत, अर्थात झेडएफएस ही फाइल-व्यवस्था असेल तर. मग ‘पीकेजी अपग्रेड -एन’, ज्यात काही बदलत नाही, फक्त यादी येते.

त्या यादीत नवं काय येतंय यापेक्षा काय काढलं जाणार आहे ते आधी वाचा. एखादी लायब्ररी नव्या संचात बांधताना फसली तर तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजं संचातून गायब असतात, आणि पीकेजी तुमच्याकडची काढून टाकायला निघतं. तिथे ‘नाही’ म्हणून काही दिवसांनी परत बघायचं. पीएचपी आणि पायथनची डीफॉल्ट आवृत्ती बदलली की पॅकेजांची नावंच बदलतात, कारण क्रमांक नावात असतो. हातानं बसवलेली जोड-पॅकेजं तेव्हा मागे राहतात.

माहुली
बीईसीटीएलबद्दल एक पुरवणी, हिच्याअभावी डेटा जातो. फ्रीबीएसडीच्या नेहमीच्या झेडएफएस मांडणीत व्हार-डीबी हा भाग मुळाबरोबरच असतो, वेगळा नसतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचा साठा तिथेच. म्हणजे अपग्रेड फसलं म्हणून दोन दिवसांनी जुन्या प्रतीवर परतलात, तर वाचनालयाच्या त्या दोन दिवसांच्या पुस्तक-नोंदीही मागे जातात. परतायचं तर त्याच दिवशी, किंवा व्हार-डीबीखालच्या साठ्यासाठी आधीच वेगळा डेटासेट (झेडएफएसमधला स्वतंत्र भाग) करून. याला ‘रोलबॅक’ म्हणूनच लिहा; ‘पूर्ववत करणे’ वाचून कुणालाही नोंदी शाबूत राहतील असं वाटेल.

विश्रामबाग
घेतलं. शेवटचा प्रश्न, २०२६क्यू१ चं ‘२०२६ ति१’ करू का? छापताना सुटसुटीत दिसतं.

औंध
नको. गिटला तेच नाव जसंच्या तसं द्यावं लागतं, ‘ति१’ नावाची शाखा कुठंच नाही. नाव आहे तसं ठेवा आणि खालच्या ओळीत महिने लिहा: फ्रीबीएसडी असेल तर जानेवारी ते मार्च, पीकेजीसोर्स असेल तर एप्रिल ते जून.

टेंभूचा टेल
आणि पतसंस्थेला पुस्तिका देणार असाल तर ती ओळ लाल शाईत.