फोनची बॅटरी सहज काढता यावी, असा कायदा हवा का?

धागालेखक (नौपाडा, ठाणे):
गोखले रोडवरील एका दुकानात कारागीर फोनची फुगलेली बॅटरी काढत होता. त्याने मागची काच तापवून सैल केली, पण बॅटरीखालची चिकटपट्टी ओढताना मध्येच तुटली आणि मग प्लास्टिकची पातळ पट्टी आत सरकवताना त्याचा हात जपून चालू लागला, कारण लिथियम बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते. बाकी फोन ठणठणीत होता. बॅटरी झिजणारच हे आराखडा करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, तरीही ती निघू नये अशी बसवली जाते. ही निवड कायद्यानेच बदलावी लागेल. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता येणे, काही अपवाद वगळता, बंधनकारक होणार आहे.

प्रतिसाद १ (ऐरोली):
आपली तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. जुलैच्या पावसात लोकल गाठणाऱ्या माणसाला पाणी न शिरणारा फोन हवा असतो, आणि तो मागची काच घट्ट बसवणाऱ्या गोंदामुळेच मिळतो. खरा प्रश्न संकलनाचा आहे. २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. फोन भंगारवाल्याकडेच जाणार असेल, तर तो स्क्रूने उघडतो की गोंदाने, याने काय फरक पडतो?

प्रतिसाद २ (तुर्भे):
फरक पडतो, आणि तो पुनर्प्रक्रियेच्या कामात रोज दिसतो. यंत्रात चुरा करण्याआधी प्रत्येक बॅटरी हाताने काढावी लागते. चिकटवलेलीला वेळ लागतो, आणि एखादी नजरेतून सुटली तर यंत्रातच आग लागते. शिवाय चालू स्थितीतला कॅमेरा किंवा डिस्प्ले अखंड निघाला तर सुटा भाग म्हणून विकला जातो. त्याचाच चुरा झाला की हाती फक्त धातू उरतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांचे पुनर्प्रक्रियेचे लक्ष्य वजनावर मोजले जाते, त्यामुळे सहज उघडणारे उपकरण बनवणाऱ्याच्या पदरात वेगळे काही पडत नाही. पाण्याचे म्हणाल, तर सॅमसंगच्या एक्सकव्हर ६ प्रो या फोनची बॅटरी हाताने निघते आणि तरीही त्याला आयपी६८, म्हणजे धूळ व पाणी आत न शिरण्याचे, मानांकन आहे.

प्रतिसाद १ (ऐरोली):
तो फोन जाड आहे आणि मुख्यतः कामगारांच्या कठीण वापरासाठी बनवलेला आहे. युरोपनेही सवलत ठेवली आहेच: फोन धूळ-पाण्यापासून सुरक्षित असेल आणि बॅटरी १००० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता टिकवत असेल, तर ती कुशल कारागिराकडूनच बदलली तरी चालते. टिकाऊपणा हाही उपायच आहे.

धागालेखक:
ही सवलत मला मान्य आहे. पण मग चार्जिंगची ती संख्या खोक्यावर ठळक छापलेली असावी, आणि युरोपप्रमाणे फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळण्याची सक्ती आपल्याकडेही असावी. नौपाड्यातल्या त्या कारागिराला अस्सल बॅटरीच मिळत नसेल, तर टिकाऊपणाचा हा युक्तिवाद इथल्या ग्राहकाच्या काहीच कामाचा नाही.