मदत हवी आहे: नडगीच्या फ्रॅक्चरनंतर मुंबई मॅरेथॉन

नमस्कार. वय 43, राहणार ठाणे. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन, पूर्ण 42.195 किलोमीटर, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी शिबिरं घेणाऱ्या एका संस्थेसाठी धावायचं ठरवलंय. माझी मावशी याच आजाराने गेली. व्हिनेगरमध्ये असतं त्याच ॲसिटिक ॲसिडचं सौम्य द्रावण लावून कर्करोगाआधीचे बदल नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. इतकी साधी तपासणी, पण तिची कधी झालीच नाही. म्हणून हे धावणं सोडवत नाही.

अडचण अशी. एप्रिलमध्ये डाव्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवार ताण पडून हाडाला जाणारी बारीक चीर) झालं. आठ आठवडे धावणं बंद. ड जीवनसत्त्व कमी निघालं, पाळीही चुकत होती. कमी खाऊन जास्त धावलं की पाळी बिघडते आणि हाडंही कमकुवत होतात, हे मला तेव्हा कळलं. (नव्याने धावणाऱ्या मुलींनो, एवढं तरी लक्षात ठेवा.)

आता डॉक्टरांची परवानगी आहे. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं करत उपवनला 8 किलोमीटर होतात, दुखत नाही. पण येऊरच्या उतारावर नडगी ठणकते, थेट दुसऱ्या सकाळपर्यंत.

यातून उठून कोणी पूर्ण अंतर धावलंय का? किती महिने लागले? की यंदा अर्ध्यावरच समाधान मानावं? देणग्या तर पूर्ण मॅरेथॉन सांगून घेतल्यात. अंतर बदललं तर त्यांना कसं सांगायचं? धावपटूंची सवय असलेल्या फिजिओथेरपिस्ट ठाणे-मुलुंडकडे माहीत असतील तर कृपया कळवा.