मदत हवी आहे : गडद ट्राउझरवर तपकिरी बूट घालावेत की काळे?

सातरस्ता_सोलापूर :
नमस्कार. मी नुकतीच एक गडद रंगाची ट्राउझर शिवून घेतली असून माझ्याकडे तपकिरी बूट आहेत. ते त्यावर शोभतील की काळे बूट विकत घ्यावे लागतील, एवढाच माझा प्रश्न आहे. नवी पेठेत विचारले, तर एका दुकानदाराने सध्या तपकिरीचाच जमाना असल्याचे सांगितले आणि दुसऱ्याने उत्तर देण्याऐवजी काळ्या बुटांची खोकी उघडायला सुरुवात केली. कार्यक्रम रविवारी आहे, त्यामुळे कृपया हो किंवा नाही एवढेच सांगावे.

कडक_भाकरी :
हो किंवा नाही असे सांगण्याइतकी माहिती आपण दिलेलीच नाही. नेव्ही ब्लू, कोळशासारखा करडा, काळा, बॉटल ग्रीन आणि चॉकलेटी हे सगळेच रंग गडद आहेत. तपकिरी म्हणजे फिकट टॅन की कॉफी, हेही कळत नाही. कार्यक्रम कोणता, वरती सदरा कोणत्या रंगाचा आणि कोट आहे की नाही, हे सांगितलेत तर बोलता येईल.

होटगीरोडकर :
एवढ्या चौकशीची गरज नाही. काळे बूट घ्या आणि निश्चिंत व्हा. मी आयुष्यभर काळे बूट वापरत आलो आहे आणि लग्नात, कार्यालयात किंवा मुलाखतीत मला कोणीही कधी हटकलेले नाही.

निळी_शाई :
होटगीरोडकर साहेब, कोणी हटकले नाही याचा अर्थ शोभले असा होत नाही. निळ्या पॅन्टवर काळे बूट ही जोडी आपल्याला शाळेच्या गणवेशापासून सवयीची झाली आहे, आणि आपले शहर तर गणवेश शिवण्यासाठीच ओळखले जाते. फिकट करडी, खाकी किंवा बदामी पॅन्ट असेल तर काळा बूट पायाशी ठिगळ लावल्यासारखा वेगळा दिसतो. तिथे तपकिरीच हवा. पोलीस अधिकाऱ्यांच्या खाकीखाली तपकिरी बूट किती नीट बसतात, ते पाहावे. उलट काळ्या पॅन्टवर टॅन बूट घातले, तर बघणाऱ्याची नजर चेहऱ्याऐवजी थेट पायांवर जाते. तिथे काळे किंवा फार तर वाइन रंगाचे बूट घालावेत.

होटगीरोडकर :
इंग्रजांचा जुना संकेतच असा होता की शहरातील कामकाजाला काळे बूट आणि गावाकडे फिरायला तपकिरी. तो काही उगाच झाला नसेल.

निळी_शाई :
तो संकेत लंडनच्या कचेऱ्यांसाठी होता. सोलापूरच्या उन्हात आणि धुळीत काळा बूट घरातून निघून पार्क चौकापर्यंत पोहोचेस्तोवर करडा होतो, तर तपकिरीवर तीच धूळ खपून जाते.

सातरस्ता_सोलापूर :
वाद नंतर घालावा, ही विनंती. कापड नेव्ही ब्लू आहे, निदान दुकानात तसे सांगितले होते. बूट टॅन आहेत. सदरा पांढरा आहे.

कडक_भाकरी :
आता थोडा उजेड पडला, पण तो दुकानातील ट्यूबलाइटचा आहे. त्या उजेडात नेव्ही आणि काळा यांत भल्याभल्यांची फसगत होते. ट्राउझर सकाळी गच्चीवर न्या, शेजारी निव्वळ काळे कापड धरा आणि बूटही सोबत ठेवून पाहा. निळेपणा स्पष्ट दिसत असेल तर टॅन बूट सुंदर दिसतील. निळा जर जवळजवळ काळ्यात मिसळलेला असेल तर टॅनचा विरोध फार भडक वाटेल आणि कॉफी ब्राउन अधिक योग्य ठरेल.

मोडी_लिपी :
पट्ट्याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. बुटाचा आणि पट्ट्याचा रंग अगदी तंतोतंत नसला तरी एकाच घरातला असावा, आणि चकाकीही सारखी असावी. मंद चामड्याच्या बुटांवर चकचकीत पट्टा विजोड दिसतो. मनगटी घड्याळाचा पट्टा चामड्याचा असेल तर तोही याच हिशेबात धरावा.

सातरस्ता_सोलापूर :
ट्राउझरला पट्ट्याचे लूप शिवलेलेच नाहीत, बाजूला आवळायच्या पट्ट्या आहेत. गच्चीवर पाहिले. रंग निळाच आहे, पण फार गडद आहे.

गड्डायात्री :
माझे ऐकाल तर बुटांचा नादच सोडा आणि चांगल्या कोल्हापुरी घ्या. कोल्हापुरी चपलेला 2019 साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्यासोबत आपला सोलापूर जिल्हाही आहे. स्वतःच्या जिल्ह्याचा माल सोडून टॅन आणि कॉफीत कशाला अडकायचे?

निळी_शाई :
कोल्हापुरीबद्दल पूर्ण आदर आहे, पण ती धोतर, पायजमा किंवा जीन्सवर खुलते. इस्त्रीची धार असलेल्या ट्राउझरखाली ती अर्धवट वाटते. शिवाय प्रश्न बुटांच्या रंगाचा होता.

कडक_भाकरी :
फार गडद निळा असेल, तर नवे बूट घेण्याआधी एक उपाय करून पाहता येईल. टॅन बूट अस्सल चामड्याचे असतील तर त्यांवर एक-दोन छटा गडद असलेल्या क्रीम पॉलिशचे पातळ हात द्यावेत. रात्रभर ठेवून पुन्हा एक हात द्यावा. रंग हळूहळू गडद होत कॉफीकडे जातो. फिकट चामडे गडद करता येते. गडद मात्र पॉलिशने फिकट होत नाही, म्हणून आधी टाचेच्या आतल्या बाजूला थोड्या जागेवर पाहावे. बूट रेक्झिनचे असतील तर पॉलिश वरच तरंगत राहील आणि सदऱ्याच्या बाहीला लागेल. ओळखायचे असल्यास लेसखालच्या जिभेची कापलेली कड पाहावी : चामड्याला तिथे तंतू दिसतात, रेक्झिनला मागे कापडाचा थर दिसतो. बूट स्वेडचे, म्हणजे लव असलेले असतील तर पॉलिश अजिबात लावू नये. कार्यक्रम कोणता, हे मात्र आपण अजूनही सांगितलेले नाही.

सातरस्ता_सोलापूर :
कड तंतूंची आहे आणि लव नाही. कार्यक्रम म्हणजे साखरपुडा आहे, विजापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात.

मोडी_लिपी :
आपला स्वतःचा की दुसऱ्याचा?

सातरस्ता_सोलापूर :
माझा.

निळी_शाई :
मालक, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. साखरपुड्याच्या विधीला आपण बूट काढून पाटावर बसणार, त्यामुळे निम्म्याहून अधिक छायाचित्रांत बुटांऐवजी मोजेच येतील. मोजे बुटाच्या रंगाचे न घेता ट्राउझरच्या रंगाचे, म्हणजे गडद निळे घ्या, म्हणजे मांडी घातल्यावर पाय तुटक दिसत नाही. पोटरीपर्यंत येणारे घ्या. घोट्याशी संपणारे मोजे असतील तर बसल्यावर पायाची कातडी दिसते. शाळेचे पांढरे मोजे कपाटात असतील तर त्यांकडे वळूनही पाहू नका.

होटगीरोडकर :
अभिनंदन! काळे बूट घेतले असते तर मोज्यांचाही प्रश्न आला नसता, काळ्यावर काळे मोजे घालून मोकळे झाला असता.

गड्डायात्री :
अभिनंदन. मेहुण्या बूट पळवणार हे नक्की आहे, तेव्हा महागडे बूट घालूच नयेत. सासुरवाडी सोलापुरातलीच आहे का?

कडक_भाकरी :
बूट पळवण्याचा खेळ लग्नातला आहे, साखरपुड्यात सहसा कोणी पळवत नाही. पॉलिशचा पहिला हात आजच द्यावा, म्हणजे रविवारपर्यंत आणखी दोन हात देऊन ब्रशने घासायला वेळ मिळेल. बुटांवर ट्राउझर किती उतरते, तेही टेलरकडे बूट घेऊन जाऊनच ठरवा. बॉटम बुटाच्या वरच्या बाजूला जेमतेम टेकावा. घोट्याशी चार घड्या पडल्या तर बुटाचा रंग कोणाला दिसणारही नाही.

सातरस्ता_सोलापूर :
पॉलिशचा पहिला हात दिला आहे. रंग बदामाच्या सालीसारखा झाला आहे. टेलरचे दुकान आज बंद आहे. सासुरवाडी बार्शीची आहे.

गड्डायात्री :
बार्शीत कोणाकडचे? आमचेही बरेच पाहुणे तिकडे आहेत.